हिपार्कसची कडा

२४ नोव्हेंबर, सोमवार. कणकुंबी

पोचले एकदाची. बेळगावहून जांबोटीमार्गे बस दोन तासांत आली. खिडकी मिळाली, शेजारी कुणी बसलं नाही, आणि जांबोटी सोडल्यावर जे रान सुरू झालं ते बघता बघता माझी मान दुखायची थांबली. बेळगावातल्या वडगावात पंचवीस वर्षं मागावरच्या साड्यांचे नक्षे काढले. ग्राफच्या कागदावर चौकोन भरायचे, काठ वेगळा, पदर वेगळा. आता मालक सगळं कॉम्प्युटरवर करून घेतात. गेलं दीड वर्ष मी नुसती घरात बसून होते, आणि बसून माणूस जितका दमतो तितका कामानं दमत नाही हे मला त्यात कळलं.

जाहिरात प्रियानंच दाखवली. प्रियदर्शनी, माझ्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा ती चार वर्षांची होती, तेव्हापासून माझ्याजवळ. बारीक रेषाकाम येणारी व्यक्ती पाहिजे, राहायची सोय आहे, एवढंच लिहिलं होतं. मावशी, हे तुझ्यासाठीच छापलंय, म्हणाली.

घर गावाबाहेर टेकाडावर आहे. खाली दोन खोल्या, वर गच्ची, गच्चीवर पत्र्याची शेड आणि शेडमध्ये दुर्बीण. मालक नागेंद्र सर मूळचे चिकोडीचे, हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. वय ऐंशीच्या पुढं. दिसत जवळजवळ नाही. गळ्याभोवती आणि कानांवरून मफलर गुंडाळलेला, आवाज फार हळू. स्वयंपाकाला जयाबाई आहेत. गरम भाकरी, हुलग्याची आमटी झाली. खोलीत टेबल, दिवा, खिडकी. ही नवी वही प्रियानं दिली आहे, रोज लिहायचं वचन घेऊन.

२६ नोव्हेंबर, बुधवार

काम समजलं. सरांनी चाळीस वर्षं चंद्रावरचं एकच विवर काढलं आहे. त्याचं नाव हिपार्कस. चंद्राच्या आपल्याकडच्या अंगावर, जवळजवळ मधोमध. कधीकाळी मोठा दगड येऊन आदळला आणि हा खड्डा पडला. त्यानंतर कोट्यवधी वर्षं त्याच्यावर इतके लहानमोठे दगड पडले की त्याची कडा झिजून गेली. पश्चिमेकडून तर ती असून नसल्यासारखी. सर म्हणाले, लोक आखीवरेखीव विवरं बघतात, ह्याच्याकडं कुणी बघत न्हाय. जुन्या साडीचा विरलेला काठ मी पाहिला आहे, त्यामुळे मला ते लगेच कळलं.

शुद्ध अष्टमीच्या संध्याकाळी तिथं ऊन तिरपं पडतं, सावल्या लांब होतात आणि कडा उठून दिसते. त्या दिवशी दुर्बिणीतून पाहून काढायचं. बाकी दिवस जुनी चित्रं नव्या कागदावर उतरवायची. साडेचारशेच्या वर कागद आहेत.

सरांना मी प्रियाबद्दल सांगितलं. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे हेही सांगितलं. सर बराच वेळ ऐकत होते.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

आज अष्टमी. सूर्य गेला तेव्हा चंद्र डोक्यावर होता. साडेसहाला डोळा लावला तो आठला काढला. असं काही मी आयुष्यात पाहिलेलं नाही. राखाडी, कोरडं, आणि इतकं जवळ की बोट लावावंसं वाटलं. हात आपोआप चालला. मान, पाठ, डोळे, कशाचीच आठवण राहिली नाही. सरांनी कागदावरून बोट फिरवलं आणि दिसत नसताना म्हणाले, चांगलं झालंय.

खाली उतरले तेव्हा पायऱ्या मोजून उतरावं लागलं, इतका थकवा. जेवले नाही, तशीच झोपले.

९ डिसेंबर, मंगळवार

सत्तर कागद उतरवून झाले. एक गोष्ट लक्षात आली. १९८४च्या कागदांवर पश्चिमेची कडा नाहीच, नुसते ठिपके आहेत. पुढच्या प्रत्येक वर्षी ती थोडी थोडी भरत आली आहे. मी अष्टमीला काढली तीत तर दोनतीन ठिकाणच्या फटी सोडल्या तर पूर्ण वर्तुळ आहे.

सरांना विचारलं. म्हणाले, हात सुधारत जातो.

दुकानाजवळ फोनला रेंज येते. तिथं उभं राहून प्रियाकडून नेटवरचे फोटो मागवले. फोटोत हिपार्कस तसाच झिजलेला आहे. आमच्या काचेतूनच तो भरलेला दिसतो.

प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात काढणाऱ्याचं नाव आहे. सुरुवातीला ‘ना.’, म्हणजे सर. मग बरीच वर्षं ‘शामू’. मग ‘जया’. नावं आधी ठसठशीत आहेत, पुढं पुढं फिकट. शेवटची तर कागद उजेडात धरल्याशिवाय वाचता येत नाहीत. पेन्सिल मात्र सगळीकडे तीच.

२७ डिसेंबर, शनिवार

दुसरी अष्टमी. विवराच्या तळाशी अजून अंधार होता आणि फक्त कडेची टोकं उजळलेली. आज एक फट बुजली. मी बुजवली नाही. मी जे दिसलं तेच काढलं.

थकवा आता झोपेनं जात नाही. सकाळी उठते तीच दमलेली. डोळा काचेला लावला की तेवढा वेळ हलकं वाटतं.

१६ जानेवारी, शुक्रवार

संक्रांतीला वडगावला जाऊन आले. प्रियानं तिळाच्या पोळ्या केल्या होत्या. माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, मावशी, तू धुतल्यासारखी दिसतेस. मी म्हटलं, हवा बदलली.

रेशनच्या दुकानात अंगठा लागला नाही. दहाही बोटं लावून पाहिली. दुकानदार म्हणाला, मागवाल्यांचं असंच होतं, सूत लागून रेषा जातात, क्रीम लावून या. मीही हसले. घरी येऊन भिंगाखाली बोटं पाहिली. रेषा कमी झाल्या आहेत असं नव्हतं. एकही नव्हती. दहाही टोकं चिंचोक्यासारखी गुळगुळीत.

येताना स्टँडवर शेजारच्या यशोदाबाई भेटल्या. वीस वर्षांची भिंतीला भिंत. मी हाक मारली, त्यांनी मान हलवली आणि दुसऱ्या कुणाशी तरी बोलावं तसं बोलल्या.

२६ जानेवारी, सोमवार

तिसरी. इतकं चांगलं मी कधीच काढलं नव्हतं. कडेचा प्रत्येक दात वेगळा दिसत होता.

खाली येऊन तोंड धुतलं आणि न्हाणीतल्या आरशात पाहिलं. भुवया विरळ झाल्या आहेत. हनुवटीवर लहानपणची खूण होती, पाच टाक्यांची. ती नाही. नाकाची बाजू बोटानं चाचपली तर कुठं सुरू होते ते कळेना.

सर मफलर का काढत नाहीत ते कळलं असं वाटतं. कळायला नको होतं.

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज हे लिहायलाच हवं. दोन महिने ह्या घरात आहे, रोज जयाबाईंच्या हातचं जेवते, आणि त्या स्वयंपाकघरातून बाहेर गेल्या की त्यांचा चेहरा मला आठवत नाही. आज मुद्दाम चुलीपुढं बसले, नीट पाहिलं. पाहण्यासारखं काही नव्हतं. डोळे, तोंड, सगळं जागच्या जागी, पण दुसऱ्या कुणाहून वेगळं काहीच नाही.

कागदावरची जया तुम्हीच का, असं विचारलं. भाकरी थापता थापता व्हय म्हणाल्या. नंदगडला शाळेत ड्रॉइंग शिकवायच्या. आठ वर्षं कडा काढली. मग सुट्टी घेऊन घरी गेल्या. त्यांनी सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत लिहिते. “दारात उभी राहिलो. माझं पोरगं आतनं आलं आन म्हणालं, कोण पायजे तुमास्नी? मी म्हटलं, कोण न्हाय रं बाबा. आन आलो परत.”

शामूचं विचारलं. तो मागच्या फणसाखाली बसून असायचा म्हणे. त्या अंगण झाडताना त्याच्या बाजूनं झाडायच्या. एक दिवस आपण कशाच्या बाजूनं झाडतोय तेच त्यांना कळेना. तेव्हापासून सरळ झाडतात.

काढायचं थांबवलं की झीज थांबते, गेलेलं मात्र परत येत नाही, असं म्हणाल्या. मग मला आधी का नाही सांगितलं, असं विचारलं. त्यांनी तवा पुसला. म्हणाल्या, “सांगायचा लई कट्टाळा आला बाई. सांगितलं तरी तुमी ऐकतासा व्हय?”

४ फेब्रुवारी

सरांपुढं गेले. ते चिडले नाहीत, लपवलंही नाही. मफलर सोडला आणि मला बघू दिलं. तिथं मान होती आणि मानेवर एक पांढरा घडीव गोळा, तोंडाची फट असलेला.

म्हणाले, पहिल्यांदा पाहिली तेव्हा त्या कडेची दया आली. एवढं मोठं आणि असं मिटत चाललेलं. आपण बघत राहिलो की ती भरते हे दुसऱ्या वर्षी कळलं. कशानं भरते ते कळायला आणखी दोन वर्षं गेली. तोवर त्यांना ओळखणारं कुणी राहिलं नव्हतं, मग थांबायचं कशासाठी. आता एकच फट राहिली आहे, म्हणाले. ती बुजली की कुणाचीच गरज नाही.

मी म्हटलं, मी जाते. म्हणाले, जा.

११ फेब्रुवारी, बुधवार

आज सकाळी गेले होते. रात्री परत आले.

प्रिया कॉलेजला होती, दाराला कुलूप. किल्ली बॅगेच्या तळाशी शोधत होते, तेवढ्यात यशोदाबाई बाहेर आल्या. कोण तुम्ही, कुणाच्या दाराशी काय करताय, असं विचारलं. मी माझं नाव सांगितलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि आतून मुलाला बोलावलं. सुवर्णाबाई कामाला बाहेरगावी असतात, पोरगी एकटी राहते, पुन्हा इथं दिसलात तर पोलिसांना फोन करू, असं म्हणाल्या. त्यांचं चुकलं नाही. माझ्या पोरीच्याच दाराची राखण करत होत्या.

गल्लीच्या तोंडाला दोन तास उभी होते. प्रिया साडेपाचला येते. पाचला मी निघाले. यशोदाबाईंनी नाही ओळखलं ते सोसलं. तिनंही विचारलं असतं, कोण पाहिजे, तर ते ऐकायची ताकद माझ्यात नव्हती.

१९ फेब्रुवारी

बसून आहे. पेन्सिल हातात धरत नाही. जयाबाई भाकरी देतात, मी खाते.

सरांनी काल विचारलं, तुमची भाची चांगलं काढते म्हणाला होता. तिला विचारून बघूया का. तरणे डोळे आहेत.

मी नाही म्हटलं. ते म्हणाले, पत्ता तुमच्या अर्जावर आहे.

रात्रभर विचार केला नाही. विचार करण्यासारखं काही नव्हतं. सकाळी जाऊन सांगितलं, मी काढते. तिला बोलावू नका. सरांनी हात पुढं केला. त्याला बोटं होती, सांधे नव्हते.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

चौथी. काढली. सव्वासातला चंद्र स्वच्छ. वर्तुळ पूर्ण, पश्चिमेला फक्त एक फट, चिमटीएवढी.

आज फटीकडे नीट पाहिलं. आजवर वाटायचं तिथं कडा तुटलेली आहे. तशी ती दिसत नाही. दारासारखी दिसते. आतून कुणीतरी पाहतंय असं मी लिहिणार होते, पण तसंही नाही. आत खूप जणांनी उभं राहावं तशी सावली आहे. दाटीनं.

सही करायला गेले आणि ‘सु’ काढून थांबले. पुढचं अक्षर आठवायला वेळ लागला.

७ मार्च

फोन उघडत नाही. आधी बोट घेत नव्हता, मग चेहरा. नंबर टाकायचा असतो तो आठवत नाही. चार आकडे होते. प्रियाच्या जन्माचं साल असेल. ते कुठलं.

रोज वाजतो, मग थांबतो. तिचं नाव दिसतं. उचलायला जाते तर बोट सरकत नाही, काचेला माझं बोट कळत नाही.

१० मार्च

दुकानदार मष्णूच्या फोनवरून तिला लावला. नंबर माझ्या वहीत होता. ती लगेच हॅलो म्हणाली. मी म्हटलं, मी बोलतेय. कोण मी, म्हणाली. मी म्हटलं, मावशी. ती म्हणाली, माझ्या मावशीचा आवाज मला माहीत आहे, तुमच्याकडे तिचं नाव कसं आलं. ती घाबरली होती. मी ठेवून दिला.

ठेवायला नको होता—

१७ मार्च

आरशात मी दिसत नाही आता. भांड्यात, पाण्यात, कुठं—

जयाबाई आणि मी शेजारी बसतो. आज मी त्यांना सुवर्णा म्हणून हाक मारली. त्यांनी ओ दिली.

२३ मार्च

मष्णूनं दुकानात सांगितलं. मलाच सांगितलं, मी कोण हे त्याला ठाऊक नाही. सरांकडच्या सुवर्णाबाईंची भाची येतेय म्हणे. त्याच नंबरवर उलटा फोन केला होता तिनं. मावशी महिनाभर फोन उचलत न्हाय म्हणून पोरगी रडत होती म्हणे. बुधवारी, एकच्या बसनं.

बुधवारी अष्टमी.

सरांना मी सांगितलं नाही. पण त्यांनी जयाबाईंना शेडमध्ये दुसरं स्टूल ठेवायला सांगितलं आहे.

२५ मार्च, बुधवार. दुपार

बसथांब्यावर बसले आहे. साडेबारा. ऊन. अजून अक्षर लागतंय, लिहून घेते.

ती घरात येता कामा नये. तिनं काचेला डोळा लावता कामा नये. तिला मी दिसले तर हाताला धरून बेळगावच्या बसमध्ये बसवीन. न दिसले तर—

बस आली.

संध्याकाळ, साडेपाच

झालं ते लिहिते. जमेल तेवढं.

ती उतरली. निळा ड्रेस, पाठीला सॅक, हातात कुंद्याचा डबा. वाळली आहे. इकडंतिकडं पाहिलं आणि थेट माझ्याकडे आली. मी उठून उभी राहिले. ती म्हणाली, “मावशी—”

माझं सगळं अंग—

मग म्हणाली, “मावशी, नागेंद्र सरांचं घर कुठं आलं?”

कुणाही बाईला म्हणतात तसं.

मी सांगितलं असतं. एखादी खूण दिली असती, तिच्या तापाची, तिच्या पहिल्या शाळेची. तिनं विश्वास ठेवला असता. आणि मग मला सोडून ती गेली नसती. ह्या घरात माझ्याजवळ बसली असती. स्टूल तयार होतं.

म्हणून म्हटलं, घर बंद हाय बाळ. सरांना दवाखान्यात नेलंय. सुवर्णाबाई गोव्याला गेल्या, तिकडं काम मिळालं, फोन पाण्यात पडला. तुला निरोप सांगून गेल्यात, परीक्षा दे म्हणाल्या, माघारी जा म्हणाल्या.

माझी मावशी मला न सांगता जाणार नाही, ती म्हणाली. टेकाडाकडे दोन पावलं टाकली तिनं. मी वाट अडवली. तिथं साथ आहे म्हटलं, अंगावर उठतं, माझ्याकडं बघ. तिनं पाहिलं. नीट पाहिलं, आज पहिल्यांदाच. आणि मागं सरली.

बस वळून उभी होती. ती चढली. खिडकीतून डबा माझ्या हातात दिला. मावशीसाठी आणला होता, तुम्हीच खा, म्हणाली. रडत होती. बस जांबोटीच्या वळणाला गेली तोवर मी उभी होते.

बरं झालं. दमले आहे, पण बरं झालं.

चंद्र वर आला आहे, दिवसाउजेडीच, पांढरा. सर शेडमधून हाक मारतायत. हाक मलाच आहे की जयाबाईंना ते त्यांनाही—

मी जाते. शेवटची फट आहे. मी बुजवली तर तिच्यापर्यंत कुणी जाणार नाही. पत्ता असलेला अर्ज चुलीत टाकला आहे, तिचं नाव त्यावर होतं. आता ते फक्त मला ठाऊक आहे. ते इथं लिहून ठेवते, म्हणजे उद्या वही उघडली की

तिचं नाव

पोरीचं नाव प्रि